राजपत्राच्या गठ्ठ्यात

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत 'माहिती साधनांचे प्रकार' या प्रश्नावर मी सहा पानं लिहिली होती. प्राथमिक, दुय्यम, तृतीयक. नियतकालिकं, प्रबंध, नकाशे, कोश, शासकीय प्रकाशनं, सगळं उदाहरणांसकट. त्यातल्या शासकीय प्रकाशनांना मी जन्मात हात लावला नव्हता, पण परीक्षकाला काय ठाऊक? पुढं एका शाळेच्या ग्रंथालयात तासिकेवर बरीच वर्षं काढली. तिथंही गोष्टींची पुस्तकं आणि शब्दकोश यांच्यापलीकडं माझी गाडी कधी गेली नाही.

यंदा त्याच शाळेत ग्रंथपालाची कायम जागा निघाली आणि चक्क माझी निवड झाली. सोमवारी मूळ कागदपत्रं दाखवायची होती. गुरुवारी सहज म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा कार्यालयात दाखवायला गेले, तर तिथल्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, पदवी एका बाईची, आधार कार्ड दुसऱ्या बाईचं. मधला कागद कुठंय?"

मधला कागद म्हणजे नाव बदलल्याचं राजपत्र. आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. वडलांचं नाव आणि आडनाव गेलंच, पहिलं नावसुद्धा गेलं. पदवीवरच्या तीन शब्दांपैकी एकही आधारवर नाही. लग्नाची नोंदणी करायला तेव्हा आमच्या गावात कोण जात होतं? नवऱ्यानं तेवढं नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणलं होतं आणि ते पान लोखंडी कपाटात होतं. म्हणजे मागच्या दिवाळीला सासूबाईंनी कपाट आवरलं तोवर होतं.

"पिवळा कागद व्हता, सगळी लोकांचीच नावं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं रद्दीच हाय. दिला."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! त्या दिवशी स्वयंपाकघरात एक भांडं धड जागेवर ठेवलं नाही. सगळी आपटली. इतकी वर्षं कायम होण्याची वाट बघायची आणि ती नोकरी रद्दीवाल्याच्या तराजूत घालवायची, हे काही मला गिळवेना. राजपत्राच्या संकेतस्थळावर पाहिलं, तर आमचं वर्ष मला काही सापडेना.

शुक्रवारी रजा टाकून शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात निघाले. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी, त्याला सुट्टी मिळाली नाही. दारात बघते तर सासूबाई चप्पल घालून उभ्या.

"मी येते. कागद म्या घालवलाय."

"आत्याबाई, तिथं तुमचं काय काम?" मी म्हटलं. ऐकतील तर शपथ.

संदर्भ विभागातले गृहस्थ शांत होते. वर्ष विचारलं, महिना विचारला. वर्ष पाठ होतं, महिना आठवेना. लग्न उन्हाळ्यातलं, अर्ज दिवाळीनंतरचा, एवढंच सांगता आलं. ते आम्हाला कोशांच्या रांगेतून, नकाशांच्या कपाटावरून पार मागं घेऊन गेले. तिथं वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे छताला टेकले होते. सासूबाई थबकल्या.

"हे समदे पेपर जपून ठेवतेत? रद्दीत देत न्हाईत?"

"नाही मावशी," ते म्हणाले. "एकही नाही."

सासूबाई पदरानं तोंड पुसत माझ्या मागून चालत राहिल्या.

राजपत्रांचे तीन जाडजूड खंड टेबलावर आले. दर आठवड्याचा अंक, त्यात नावबदलाची पुरवणी, पुरवणीत आडनावांच्या अक्षरानं लावलेली बारीक टायपातली नावं. मी माझ्या आडनावाचं अक्षर काढायचं, बोट फिरवायचं, पान उलटायचं. पहिला खंड झाला. दुसरा झाला. तिसरा संपला तेव्हा दुपार टळली होती. कुठंच नव्हतं. नोकरी गेली, मी मनात म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं.

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. इतका वेळ शेजारी बसून माझ्या बोटाकडं बघत होत्या.

"पोरी, तू कोणाचं नाव हुडकायलीस?"

"माझं. अजून कोणाचं?"

"अगं, हे नाव तर आम्ही दिलं. सरकारकडं अर्ज केला तव्हा तू तुझ्या बापाच्या नावाची व्हतीस. ती हुडक."

मी पुरवणी पुन्हा जवळ ओढली. यादी जुन्या नावानं लावलेली होती! डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, डोळ्यांसमोर तीन तास. सहा पानं लिहिणारी मी, आणि माझं माहेरचं आडनाव माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या खंडातच सापडलं. माझं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. शेजारी आजची मी. इतकं हलकं वाटलं की तिथंच खुर्चीवर बसून हसत सुटले. सासूबाईंचा हात धरला आणि सोडवेना. ते गृहस्थही हसले. त्यांनी पानाची झेरॉक्स काढून त्यावर 'खरी नक्कल' असा ग्रंथालयाचा शिक्का मारून दिला.

सोमवारी बाबूंनी दोन्ही नावांवर बोट ठेवून ताडून पाहिलं, सही केली आणि म्हणाले, "आता बरोबर." मी पेढे घेऊनच घरी आले.

सासूबाईंनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. ते पान मागितलं. माझ्या माहेरच्या नावावरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझंबी आसंल का कुठं छापलेलं?"

"तुम्ही अर्ज केला होता का कधी?"

"कशाचा अर्ज? ताटात लिवलं, झालं."

मग ते कुठल्याच गठ्ठ्यात असणार नाही, हे मला कळलं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी इतकी वर्षं वावरलो आणि हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"आत्याबाई, काय होतं तुमचं नाव?"

त्यांनी सांगितलं. बोलताना जरा अडखळल्या, मग परत एकदा नीट सांगितलं.