बकरीच्या दुधावरचा कुत्रा

लग्नात माहेराहून मला सहा बकऱ्या मिळाल्या. देश स्वतंत्र होऊन चारेक वर्षं झाली होती. सासरी बाकी सगळं सासरचं होतं. धानाच्या बांध्या, बैल, भांडी, अगदी मीसुद्धा. बकऱ्या तेवढ्या माझ्या. चिचगडच्या बाजूचं ते गाव, जंगल घरामागून सुरू व्हायचं. पहिल्याच वर्षी लांडग्यानं भरदिवसा दोन बकऱ्या नेल्या. त्या चारायला नेणारा आमचा म्हातारा गायकी दुपारी मोहाखाली लवंडायचा, आणि गावातली कुत्री लांडग्याचा वास आला की बैलबंडीखाली शिरून तिथूनच शौर्य गाजवायची. सासऱ्यांनी एकदाच सांगितलं, "आणखी एक गेली तं बाकीच्या तुह्या माहेरी पोचवून देतो."

मला लांडग्यापेक्षा त्यांचाच राग जास्त आला. बकऱ्या मी परत पाठवणार नव्हते.

धान कापल्यावर वऱ्हाडाकडचे धनगर आले. लेंडीखतासाठी त्यांच्या मेंढ्या बांधीत बसवायची आमच्याकडे रीत होती. त्यांची कुत्री मी त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिली. काटकुळी, उंच पायांची, अंगावर आखूड केस. बोलावलं तर येत नसत, शिळं टाकलं तर धावत नसत. मेंढ्यांतच उठायची, मेंढ्यांतच बसायची. एका पिल्लासाठी मी धनगरांच्या म्हातारीच्या मागेच लागले. तीन दिवस तिनं मला उडवून लावलं, चौथ्या दिवशी डोळे नुकते उघडलेलं एक पिल्लू पदरात टाकलं.

"घरात नेऊ नोको," ती म्हणाली. "बकरीले पाज. हात फिरवू नोको, नाव ठेवू नोको. माणसाची माया लागली तं ते तुह्या मागं फिरन, बकऱ्याच्या मागं नाही."

करडू दगावलेली एक बकरी होती. महिनाभर तिचे पाय धरून मी त्याला पाजलं. तिनं लाथा घातल्या, पिल्लानं बोटं चावली. गाव हसलं. हसो बापडं! त्याचे कान कुरवाळायला हात शिवशिवायचे, तेव्हा मी शेणाची पाटी उचलायची आणि बकऱ्यांच्या कोठ्याबाहेर पडायची.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो बकऱ्यांएवढा झाला. ऊन तापलं की तळ्याकाठच्या ओल्या मातीत खड्डा करून पोट टेकायचा, पण तोंड बकऱ्यांकडे. माझी छाती अभिमानानं भरून यायची. आणि मग एके दिवशी दुपारी तो एकटाच घरी आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी गायकी ओरडत आला, एक पाठ, अजून न व्यालेली तरणी बकरी, सापडत नव्हती. संध्याकाळी ती करवंदीच्या जाळीत थरथरत उभी सापडली, म्हणून वाचलो.

चौथ्या दुपारी मी दाराआड उभी राहिले. सासूबाई भाताचा गोळा त्याच्यापुढे ठेवत होत्या आणि लाडानं त्याला हाक मारत होत्या. नावसुद्धा ठेवलं होतं!

कुत्र्याला घास घातल्याशिवाय त्या जेवत नसत. दारचं जुनं कुत्रं मेलं, तेव्हापासून तो घास ह्याला जात होता. माझं डोकंच फिरलं.

"आत्याबाई, तुमीच त्याले घरी बोलावून राहिल्या! तिकडं बकऱ्या कोन राखन?"

"मंग मी उपाशी राहू काय वो? हा घास माह्या सासूपासून चालत आला."

"तं तिकडंच नेऊन द्या."

रागाच्या भरात बोलले मी. पण दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन, पानावर भात घेऊन त्या खरंच निघाल्या. तापलेल्या बांधांवरून तळ्यापर्यंत गेल्या, बकऱ्यांच्या मधोमध पान ठेवलं, आणि परत येऊन जेवल्या. उन्हाळाभर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. हट्टात ती बाई माझ्यापेक्षा वरचढ होती.

लांडगा आला तेव्हा त्या तिथेच होत्या. धापा टाकत, रडत त्या घरी आल्या.

"मी त्याले हाक मारली. इकडं ये म्हटलं, मरशील म्हटलं. त्यानं मले पाह्यलंच नाही. बकऱ्याच्या पुढं उभा राहिला, अन् भिडला."

कळप आला. सासरे अंगणात उभे होते. त्यांनी बोट दाखवून एकेक बकरी मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि आत गेले. सगळ्या होत्या. सगळ्यांच्या मागून तो आला, फाटलेल्या कानातून रक्त गळत होतं.

मी हळद-तेल घेऊन कोठ्यात धावले. आता तरी हात लावायला हरकत नव्हती. मी वाकले, तसा तो उठला, लंगडत बकऱ्यांच्या पलीकडे गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. मला हवा होता तसाच तो झाला होता. वाटी हातात धरून मी तिथेच ढसाढसा रडले.