काशिरामची मऊ बैठक

काशिराम हा माझ्या चुलतबहिणीचा, गुणाबाईचा नवरा. गाव विचुंबे, धंदा पनवेलच्या पेठेत गाद्या भरण्याचा. हात चांगला होता, ते कबूल. पण त्याचा माज इतका, की देवानं माणसाला बूड दिलं ते काशिरामच्या गादीवर टेकवण्यासाठीच, असं त्याचं ठाम मत. लग्नात जावयाला बसायला गादी घालतात, ती आसपासच्या गावचे लोक त्याच्याकडूनच भरून नेत. जावई गादीत रुतला नाही तर मुलीच्या बापाची लाज गेली, असा इकडचा शिरस्ता. एवढ्या ज्ञानावर हा गृहस्थ जगाला अक्कल शिकवत हिंडे.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास मी घाटावर एका विमानतळाच्या कारखान्यात फिटर होतो. परदेशातून नवी लढाऊ जेट विमानं आली होती आणि ती आपल्या हवाई दलाला चालतील अशी करून घ्यायचं काम चाललं होतं. आपलं ऊन सोसतील असे पाइप बसवायचे, पट्टे आखूड करायचे, असली शंभर कामं. बैठकीचं दुखणं वेगळंच. विमानं बांधलेली उंच्यापुऱ्या गोऱ्यांसाठी. आमच्याकडचे काही वैमानिक बसले की त्यांचे डोळे समोरच्या काचेपर्यंत पोहोचेनात. म्हणून खाली बुचाचे घट्ट थर घालून वर कॅनव्हास शिवायचं ठरलं. शिवणारा हवा होता. गुणाबाईनं माझा पिच्छा पुरवला आणि काशिराम तिथं चिकटला.

पहिल्याच दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला समजावून सांगितलं. विमान पडायला लागलं की वैमानिकाला बैठकीसकट बाहेर उडवतात. त्यासाठी खाली स्फोटक दारूचा बार असतो. उशी मऊ असली तर बैठक आधी त्या मऊपणातून वर येते आणि मग खालून घण मारावा तसा तडाखा देते. मणका मोडतो. म्हणून उशी दगडासारखीच हवी. काशिरामनं मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "सायबांना गादीतला काय कलतं? फलीवर बसून कोन लढंल?" मी त्याला झापलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिथला एक तरुण वैमानिक त्याला काका म्हणायचा आणि बैठक टोचते म्हणून गमतीनं कुरकुरायचा. झालं. याला तो पोरगा जावई वाटायला लागला. कुणाला न सांगता त्यानं त्याच्या विमानातली उशी उसवली, मधलं बूच काढून टाकलं आणि तिथं सावरीचा कापूस भरला. उंची तेवढीच, शिवण सुबक. तपासणाऱ्यानं पट्टी लावली आणि पास केली. काशिराम त्यानंतर छाती काढून फिरत होता. कशासाठी, ते आम्हाला कळेना.

पावसाळा सरता सरता त्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं. पोरगा बैठकीसकट बाहेर उडाला, छत्री उघडली, जीव वाचला. मणका मात्र मोडला. चौकशीत उशी फाडली, कापूस बाहेर आला. कोणी भरला हे शोधायची वेळच आली नाही. काशिराम स्वतःच अभिमानानं सांगत सुटला. अडाणी म्हणून त्याला नुसतं हाकललं.

पनवेलला परत येऊन तो ओशाळला असेल असं वाटत असेल, तर तुम्हाला काशिराम कळलाच नाही. पेठेत ज्याला त्याला सांगे, की माझ्या कापसानं पोरगा जगला, नुसत्या बुचावर असता तर मेलाच असता. लोकही वा वा करत. मला त्या सगळ्यांची किळस यायची.

मग त्यानं सावरीची एक भली थोरली गादी भरली आणि त्या वैमानिकाला मुंबईच्या ज्या इस्पितळात ठेवलं होतं तिकडे निघाला. एकटा सोडला तर तिथं काय बरळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी बरोबर गेलो. पोरगा वाळून गेला होता. उशीत काय सापडलं ते त्याला ठाऊक होतं, तरी तो काशिरामला वावगं बोलला नाही. वॉर्डबॉयनी त्याला उचलून नव्या गादीवर ठेवलं.

काशिराम वाकला आणि म्हणाला, "मऊ हाय ना?"

"काका, कमरेखालचं मला काहीच कळत नाही," पोरगा म्हणाला.

काशिरामनं त्याच्या मांडीशेजारी गादीत हात दाबून पाहिला. हात मनगटापर्यंत रुतला. मग माझ्याकडे वळून तो समाधानानं म्हणाला, "मऊच हाय."