रुईचं दूध

रुईचं पान देठाशी खुडलं की पांढरंशुभ्र दूध टपकन बोटावर उतरतं, चिकट, कडवट वासाचं... साबणानं कितीही चोळा, जेवताना भाताच्या घासाबरोबर तो वास येतोच. कोथरूडला आमच्या घरामागे तेव्हा टेकडीपर्यंत मोकळं माळरान होतं. शनिवारच्या मारुतीच्या हारासाठी आई शुक्रवारी संध्याकाळी तिथे पानं खुडायची, मी मागे परडी धरून. ज्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असेल, ते पान ती सोडून द्यायची.

त्या अळीचं जेवण मी तासन्‌तास पाहिलंय. आधी पानाची शीर कुरतडायची, दूध गळून जाऊ द्यायचं, मग निवांत पुढचा भाग खायचा. झाडानं युगानुयुगं आपलं दूध जहाल करत न्यायचं, अळीनं तितकीच युगं त्यावर तोड काढायची, शिवाय तेच विष अंगात मुरवून पाखरांना दूर ठेवायचं – एकमेकांशी झुंजता झुंजताच दोघं घडत गेली. हे मला कॉलेजात कळलं. आठव्या वर्षी मात्र मला त्या अळ्यांची दया आली. विषारी झाडावर बिचाऱ्या! मी सात अळ्या बुटांच्या खोक्यात ठेवल्या, कोवळी मेथी घातली. तिसऱ्या दिवशी सगळ्या उपाशी मेल्या. आई रागावली नाही, खोकं हातात घेऊन एवढंच म्हणाली, "विष आपल्याला गं. तिला ते आईचं दूध."

मी आठ वर्षांची होते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी साठी ओलांडली आहे.

त्याच माळावर उभ्या राहिलेल्या या सोसायटीत भिंतीकडेला एकच रुई उरली होती. यंदा कमिटीनं 'फुलपाखरू उद्यान' करायचं ठरवलं. मी मीटिंगमध्ये अक्षरशः हात जोडले, काहीही करा पण त्या रुईला हात लावू नका, तिच्या पानांवरच ती फुलपाखरं वाढतात. नोंद घेतली, म्हणाले. रविवारी भाजी घेऊन परतते तो रुई मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत गेलेली, अळ्यांसकट! तिच्या जागी नर्सरीतली गुलाबी-जांभळी फुलं, ओळीनं, आणि एक पाटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरी थंडपणे म्हणाले, "अहो, विषारी झाड ते. मुलं खेळतात इथे. आणि अळ्या काय करायच्यात? आपल्याला फुलपाखरं हवीत."

काय बोलणार, कप्पाळ! शिकलीसवरली माणसं ही. माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि उतरूही नये.

परवा दुपारी एक केशरी फुलपाखरू आलं. मी गॅलरीत उभी होते. मादी होती ती. फुलांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. एकेका पानावर क्षणभर टेकायची, पायांनी चव घ्यायची – आपलं झाड ती तसंच ओळखते – आणि उठायची. सगळा वाफा झाला, भिंतीकडेची उघडी माती झाली... पुन्हा पहिल्या पानापासून. सेक्रेटरींनी खाली उभं राहून फोटो काढला. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर आला: उद्यानाचं यश, पहिली पाहुणी. खाली अंगठे, टाळ्या.

मी लिहिलं, ती पाहुणी नाही, अंडी घालायला जागा शोधतेय.

त्यालाही कुणीतरी अंगठा दिला.