काढणी लांबवणारे शेजारी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंद्रूपजवळच्या एका शेतातली ज्वारीची काढणी तीन दिवस लांबली. माझे शुक्रवार पेठेतले शेजारी त्या उभ्या पिकाचं तैलचित्र काढत होते.

ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रंगवायला बसतात. एक डोळा मिटून पाहायची सवय आहे. भाजीवालीची वांगीही ते तशीच पाहतात. चित्र कुठवर आलं असं विचारलं की म्हणतात, "प्रकरण विचाराधीन आहे." त्यांचं पूर्ण झालेलं चित्र मी पाहिलेलं नाही. हे मात्र पुरं करणारच, असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

शेताच्या मालकीणबाई बांधावर आल्या, तेव्हा मी तिथे होतो.

"उद्या बाया येनार हायत काढनीला."

"मावशी, तीन दिवस थांबा. हा रंग पुन्हा वर्षभर मिळायचा नाही."

"आन् तवर पाकरं कोन राखनार? तुमी?"

"राखतो की."

"गोफन येती व्हय?"

"नाही. पण ओरडता येतं. जन्मभर काउंटरवर बसलोय."

बाई हसल्या. त्यांनी बायांना निरोप धाडला.

तीन दिवस ते पाखरं राखायच्या माळ्यावर उभे राहून ओरडले. खाली येऊन ब्रश हाती घेतला की थवा उतरायचा आणि ते ब्रश टाकून पुन्हा वर चढायचे. आवाज बसल्यावर त्यांनी डबा वाजवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्वारी उपटून झाली. कणसं शाबूत असल्याचं बाईंनी सांगितलं. कॅनव्हासवर आभाळ पूर्ण झालं होतं. त्याखाली काही नव्हतं.