मधली खुर्ची

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून बसून पाठ मोडली आहे. आत अक्का आहे, माझी थोरली बहीण. पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर सकाळी म्हणाले, वय आहे, हृदय अशक्त आहे, सांगता येत नाही. सांगता येत नाही, एवढंच या लोकांना नीट सांगता येतं. दुपार कलली आहे. झोपायचं नाही असं मी ठरवतो आणि पापण्या जड होतात. समोरच्या भिंतीचा हिरवा रंग हलायला लागतो.

ती भिंत नाही, पडदा आहे. आमच्या बार्शीच्या स्टुडिओतला, पायऱ्या आणि हंस रंगवलेला. पुढे तीन खुर्च्या. एका कडेला अप्पा, दुसऱ्या कडेला आई, मधली रिकामी. दोघांनाही जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी विचारतो, जेवलात का.

"जेवण राहू दे," अप्पा म्हणतात. "कॅमेऱ्यामागं उभा राहा."

अप्पांनी उभ्या आयुष्यात नुसत्या तिघांचा फोटो काढला नाही. तीन तिघाडा, काम बिघाडा. त्यातून मधे बसलेलं माणूस जातं, असं ते मानायचे. तिघं आले की एकाच्या मुठीत खडा द्यायचा, तो चौथा. गिऱ्हाईक हसलं तर म्हणायचे, हसा, पण धरा. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा झाली की घरचा फोटो निघायचा: आई, अक्का आणि मी. त्या एकूण एक फोटोंत आईची मूठ मिटलेली आहे. लहानपणी मला वाटायचं, आई रागावली आहे. दुकान माझ्याकडे आल्यावर मी या खुळाची भरपूर टिंगल केली, आणि तिघांना खडाही देत राहिलो.

आता आईचा हात मांडीवर आहे. उघडा.

दवाखान्याचं दार ढकलून अक्का येते. हिरवा गाऊन, केसांवर टोपी, पाय अनवाणी. कुणी बोलावल्यासारखी सरळ जाऊन मधल्या खुर्चीवर बसते. तोंडावर दुखण्याचा मागमूस नाही. तिचा असा चेहरा मी विसरूनच गेलो होतो.

"काढ की लवकर," ती म्हणते. "दमले मी."

आणि मी, हात सवयीचे, तिला सांगतो की मान जरा उचल, खांदे सैल सोड, इकडे बघ. माणसं नीट बसवण्यात आयुष्य गेलं. त्यांना कुठे बसवतोय हे कोण बघतो? बोट बटणावर जातं आणि तेव्हा कुठे मी भिंगातून माणसं मोजतो.

तीनच. मी खडा शोधायला लागतो. खाली गुळगुळीत फरशी. बाहेर पळतो तर भगवंताच्या देवळाचं आवार, तेही झाडून लख्ख. मागे वळतो तर अक्काच्या लग्नाचा मांडव आहे, वऱ्हाड नाही, वाजंत्री नाही, फक्त त्या तीन खुर्च्या.

"अप्पा, खडा कुठाय?"

"आम्हाला आता काय करायचाय खडा?"

"अक्काला लागतो."

 आई अक्काची टोपी नीट करते, माझ्याकडे बघतही नाही. मला आईचा राग येतो. तिला तिची लेक हवी आहे, समजतं मला. पण मला माझी बहीण हवी आहे.

मी म्हणतो, चौथा मी बसतो. अप्पा चिडतात. माणसं बसवून कॅमेरा सोडायचा नसतो, एवढंही शिकला नाहीस का, म्हणतात. मी कॅमेरा सोडतो. तर तेच उठतात, कॅमेऱ्यामागे जातात, काळं फडकं डोक्यावर घेतात. त्यांच्या जागेवर मी बसतो, आणि पुन्हा आम्ही तिघंच. अक्का अजून मधेच.

मी तिला दंडाला धरून उठवतो. झोपलेल्या लेकरासारखी ती जड झाली आहे. तिला माझ्या जागेवर टेकवतो आणि मधल्या खुर्चीवर मी बसतो. खुर्ची गार आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. 

अप्पा फडक्यातून बाहेर येतात. गिऱ्हाइकाची धरायचे तशी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवतात. त्यांची बोटं हायपोने ओली आहेत. फोटो पक्का करायचं ते पाणी, डिजिटल आल्यापासून आमच्या दुकानात त्याचा थेंबही नाही.

"थरथरायलास," ते म्हणतात. "फोटो हलंल."

"हलू द्या."

हनुवटी ते सोडत नाहीत. बराच वेळ बघत राहतात, मग आईकडे बघतात.

"हिचा एकटीचा काढायचा राहूनच गेला बघ, धंद्याच्या नादात. आज तेवढाच काढतो. ऊठ तू. अक्काला घरी ने."

आई आता माझ्याकडे बघते. पदर सावरते आणि मी उठायची वाट बघते.

"कुमुदिनी रंगारींचं कोण आहे?"

अक्काचं नाव पुकारत दारात नर्स उभी आहे. ऑपरेशन झालं, म्हणते, शुद्धीवर येताहेत, पटकन भेटून घ्या. मी भिंतीला धरत धरत आत जातो. अक्का पांढरीफटक पडली आहे, ओठ सुकले आहेत. मी वाकून तिच्या कपाळावर हात ठेवतो आणि मला रडू येतं. डोळे न उघडताच ती नाक आक्रसते.

"मुरली," ती पुटपुटते, "तोंड धुऊन ये आधी. हायपोचा वास मारायलाय."

मी हनुवटीला हात लावतो. ओली आहे.