दाखवायचा फोटो

सांगलीच्या माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथं मला पहिल्यांदा काय शिकवलं असेल, तर पोरींची तोंडं गोरी कशी करायची.

बी.ए.ची परीक्षा देऊन मी साताऱ्याहून मामाकडे राहायला गेले होते. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. तोवर रंगीत फोटो घरोघर आले होते, पण ते धुवायला कोल्हापूरला जायचे. लग्नासाठी दाखवायचा फोटो मात्र मामा काळा-पांढराच काढायचा, कारण तो स्वतःच्या हातानं छापता यायचा. स्टुडिओमागच्या मोरीला काळा पडदा लावून त्यानं डार्करूम केली होती. फोटो छापायच्या मशीनमधून कागदावर उजेड पडला की मामा पोरीच्या चेहऱ्यावर हात धरून हलवत राहायचा. फोटोचा कागद उजेडानं काळा पडतो, म्हणून तेवढ्या जागी उजेड कमी पडला, की चेहरा उजळ उठायचा. "गव्हाळ असंल तर चार मोजायचे, सावळी असंल तर सात," मामा म्हणायचा. मी विचारलं, "आणि माझ्यासारखी असली तर?" तर नुसता हसला.

मला ते हसणं झोंबलं. मामाचा जुना कॅमेरा उचलला आणि हळदीच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढून आणले. छापताना हात धरलाच नाही. उलट चेहऱ्यावर उजेड जरा जास्तच पडू दिला. कागद औषधात बुडवला आणि लाल दिव्याखाली एक म्हातारी हळूहळू वर आली. काळीभोर, कपाळावरची सुरकुती न् सुरकुती जागच्या जागी, पापण्यांवर हळदीची पूड. अहाहा! मला रडूच आलं. हे माझं होतं, मामाचं नव्हतं.

"अगं, बाईचा फोटो हाय का कढईच्या बुडाचा?" मामा म्हणाला.

"ती अशीच दिसते, मामा."

त्यानंतर कितीतरी दिवस मी छापलेल्या एकाही फोटोत कुणाच्या तोंडावर हात धरला नाही.

मग माझ्याच फोटोची वेळ आली. वडील साताऱ्यात स्थळं बघत होते. फोटो मामानं काढला, छापला मी, माझ्या पद्धतीनं. इतका आवडला मला तो, म्हणून सांगू! कराडच्या एका घरी गेला, तिकडून उत्तरच नाही. दुसऱ्या घरून पाकिटासकट परत आला.

वडील तडक सांगलीला आले. पडद्याबाहेर उभे राहून म्हणाले, "तुझी कला ठेव तुझ्यापाशी. मला एक गोरा फोटो पायजे. तुझ्या आईला झोप लागंना झालीया."

आईचं नाव काढल्यावर माझा इलाज चालेना. मी निगेटिव्ह लावली आणि स्वतःच्याच तोंडावर हात धरला. सात नाही, चांगले दहा मोजले. लाज वाटत होती, संताप येत होता, आणि फोटो मात्र झकास उठला.

तो बघून शिराळ्याची मंडळी साताऱ्याला आमच्या घरी आली. मी पोह्यांच्या बश्या ठेवून खाली मान घालून बसले. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला, माझ्या गालाजवळ धरला, एकदा फोटोकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं.

"आवं, ह्यो हिचाच फोटो हाय न्हवं?"

मी वडिलांकडं बघितलं. मला वाटलं, म्हणतील, मीच सांगितलं होतं तिला. निदान स्टुडिओवाल्यावर तरी ढकलतील.

वडील कसनुसं हसले. "आता काय सांगायचं तुमास्नी. पोरीला फोटोचा लय नाद. तिनंच छापलाय ह्यो. आत बसून काय केलं, आमाला काय ठावं?"

मंडळी पोहे संपवून उठली. वडील त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले.

नकाराचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. पुढं मी शेकड्यांनी फोटो छापले, वडिलांनी त्यातले कितीतरी पाहिलेही. पण चारचौघांत "तिनंच छापलाय" असं ते आयुष्यात एकाच फोटोबद्दल बोलले, ते त्या दिवशी.