व्हिट्बीत घेतलेली काळी माळ

श्रीकांत गेल्याचं मला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. गणपतीच्या वर्गणीची आठवण आणि कुणाच्या तरी मुलीच्या ग्रॅज्युएशन पार्टीचं निमंत्रण, या दोन्हींच्या मध्ये तो मेसेज होता. खाली हात जोडलेल्यांची रांग. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या घरांमध्ये एक पार्क आणि एक सिग्नल एवढंच अंतर, आणि मला ग्रुपवर कळतं. तसाच गाडी काढून गेलो, तर तिथे त्याच्या मुलीकडून दुसरी गोष्ट कळली. त्याच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं दीड वर्षापूर्वीच निघालं होतं. ऑपरेशन करून घ्यायला त्याने नकार दिला होता. घरात सगळ्यांना माहीत होतं, भारतातल्या काही नातेवाइकांनासुद्धा माहीत होतं. मलाच नव्हतं. आता बरेच आठवडे झाले. लोक म्हणतात, काका, मंडळाच्या अंकात त्यांच्याबद्दल चांगलं लिहा. चांगलंच लिहितो आहे... पण हे आधी लिहून टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

तो नागपूरचा डॉक्टर, मी इचलकरंजीचा, डिग्री नसलेला. इथे गालिच्यांच्या गोदामात रोल उचलायला लागलो आणि पुढे तेच गोदाम विकत घेतलं. श्रीकांत पहिल्यांदा आला तो गिऱ्हाईक म्हणून. मी किंमत सांगितली आणि त्याने खिशातून चेकबुक काढलं. मला इतका संताप आला की मीच त्याला थांबवलं. म्हटलं, डॉक्टर, असं नसतं, मी उतरायच्या तयारीने सांगितली होती. तो शांतपणे सही करत म्हणाला, "मग उतरूनच सांगायची होती." तिथून आमचं भांडण सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. मी त्याला बावळट म्हणायचो, तो मला शेठ म्हणायचा आणि त्यात शिवी असायची.

गेल्या वर्षी वसंतात तो म्हणाला, चल, तुला व्हिट्बी दाखवतो. अमेरिकेत येण्याआधी त्याने इंग्लंडच्या त्या किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात उमेदवारी केली होती. सुधावहिनींच्या गुडघ्यांना तिथले चढ झेपणार नव्हते, म्हणून मला नेतो आहे, असं त्याने सांगितलं. गाव जुनं. नदीच्या मुखाशी बंदर, उघडझाप करणारा पूल, कड्याला चिकटून लाल कौलांची कोळ्यांची घरं, आणि सगळ्यांच्या वर एका मठाचे भग्न अवशेष. त्याच्या नुसत्या भिंती उरलेल्या आहेत, खिडक्यांच्या जागी आभाळ. गल्ल्यांतून धुरावलेल्या मासळीचा वास. सीगल तर हातातलं खाणं ओढून न्यायचे. मी एकावर ओरडलो तेव्हा श्रीकांत म्हणाला, याच्याशी घासाघीस करून बघ.

आम्ही उतरलो त्या गेस्ट हाउसच्या बाईने तळमजल्यावरची, समुद्राकडे तोंड असलेली खोली दाखवली. मी माझ्या पद्धतीने बॅग उचलली आणि दाराकडे चालू लागलो. बाईने हाक मारली, जशी कुणीही मारतं. पण त्या खोलीचा भाव ती उतरवेना, तिने पोटमाळ्यावरची खोली निम्म्यात देऊ केली. मी सौदा पक्का केला. श्रीकांतने आपली बॅग उचलली. जिना अरुंद होता आणि तो प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरची जहाजांची चित्रं बघत बसायचा. मी वरून ओरडायचो, अरे, म्युझियम आहे का ते? त्याने एक शब्द उच्चारला असता तर मी खालची खोली बाई म्हणेल त्या भावाने घेतली असती. त्या बाईला हवं ते दिलं असतं. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.

त्या गावात जेट नावाचा काळाभोर दगड मिळतो. दगड म्हणतात, पण असतं ते युगानुयुगं समुद्रात दबलेलं लाकूड. हातात घेतलं तर हलकं आणि कोमट. एका दुकानात श्रीकांतने त्याच्या मण्यांची माळ वहिनींसाठी निवडली. मी म्हटलं, काळी पोत घ्यायची तर आपल्या सोनाराकडे घे, इथे सोन्याचा एक मणी नाही यात. तरीही, घ्यायचीच म्हणतोस तर मला बोलू दे. मी दुकानदाराकडे वळलो. तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्याने मला असं कधी धरलं नव्हतं.

"हिच्यात भाव करायचा नाही, शेठ."

पहिल्यांदाच मी सौद्यातून मागे सरलो. मला वाटलं, बायकोच्या दागिन्याचं सोवळं असेल काही. दुकानदाराने सांगितली तेवढी किंमत श्रीकांतने दिली, आणि आम्ही बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून मासे आणि बटाटे खाल्ले. तो समुद्राकडे बघत होता. मी अजून पोटमाळ्याच्या सौद्याबद्दल फुशारकी मारत होतो...

तेराव्याला वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, ती माळ होती. मंडळातल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. नवरा गेल्यावर काळे मणी? वहिनींनी ते ओळखलं आणि सरळ आवाजात सांगितलं, "त्या गावात नवरा गेल्यावर बायका हे घालायच्या. ह्यांनीच आणून दिलं होतं. म्हणाले, आपल्यात सगळं काढून घेतात, तुझा गळा मोकळा राहायला नको."

म्हणजे मी त्याच्या मरणाची खरेदी करायला सोबत गेलो होतो आणि त्यात मला भाव करायचा होता.

पाहुणे पांगल्यावर मी वहिनींना विचारलं. आवाज चढला माझा. मला का नाही सांगितलं? मी देशातला प्रत्येक हार्ट सर्जन गाठला असता. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे नेलं असतं. नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावण्यातच आयुष्य गेलं माझं.

"म्हणूनच नाही सांगितलं, भाऊजी. तुम्ही जिंकला असता. आणि त्यांना ते दुखणं लांबवायचं नव्हतं." मग गळ्यातली माळ सारखी करत वहिनी म्हणाल्या, "आम्ही सगळे त्यांच्याशी हळू बोलायला लागलो होतो. तुम्ही एकटेच ओरडत होतात. ते त्यांना हवं होतं."

याने समाधान व्हावं, असं वहिनींना वाटलं असेल. माझं झालं नाही. मला न विचारता त्याने ठरवलं. मला समोर बसवून, डोळ्यांत बघून नाही म्हणायचा धीर त्याला नव्हता, की माझं ऐकून आपण डगमगू अशी भीती होती... हे आता कोण सांगणार? ज्याच्याशी भांडायचं तोच नाही. दिवसभर मनात मुद्दे मांडत बसतो.

रिटायर झाल्यावर तो रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन गालिच्यांच्या रोलवर बसायचा आणि गिऱ्हाइकांना खरं सांगून माझा धंदा बुडवायचा. परवा एक तरुण जोडपं आलं. मी हिरवा गालिचा उलगडून नेहमीसारखं सुरू झालो. त्यांना पसंत पडला, मुलाने कार्डसुद्धा काढलं. मी मागून येणाऱ्या आवाजासाठी थांबलो. थांबून राहिलो. मुलगी म्हणाली, अंकल, आर यू ओके? मग मीच म्हटलं, घेऊ नका हा, उन्हात रंग उडतो याचा. ते थँक्यू म्हणून निघून गेले. मी चिडून मागे वळलो. रोल एकावर एक रचलेले होते. त्यांच्यावर कुणी नव्हतं.